कुरणातल्या नळ्या

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई सगळ्यांना सांगायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. अशा माणसानं जमिनीखालचं पाणी मोजायची नोकरी धरावी हा विनोदच होता, कारण त्या नोकरीत वाट बघण्याशिवाय फारसं काही नसतं. नळी पुरायची आणि वाट बघायची. सकाळी फीत सोडायची, काय दिसतं ते टिपायचं आणि पुन्हा उद्या सकाळची वाट बघायची.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. औरंगाबादला वनस्पतिशास्त्र शिकून मी तुळजापूरच्या घरी रिकामा बसलो होतो. वडील शाळामास्तर. त्यांच्या शाळेत एक जागा निघणार होती आणि ती मला मिळावी म्हणून त्यांनी शब्द टाकून ठेवला होता. घंटा झाली की आत, घंटा झाली की बाहेर, आणि हे म्हातारा होईपर्यंत! नुसत्या विचारानं माझा जीव घुसमटायचा. तेवढ्यात कॉलेजातल्या आमच्या सरांनी बोलावून घेतलं. संशोधनासाठी त्यांना पैसे मंजूर झाले होते आणि रानात राहायला तयार असलेलं कुणीतरी हवं होतं. पगार किती ते विचारायच्या आधीच मी हो म्हणालो.

जागा होती तेरच्या खाली, तेरणेच्या काठी. तिथल्या एका गावाला नदीलगत मोठं कुरण होतं. निजामाच्या काळात ते सरकारी घोड्यांच्या गवतासाठी राखलेलं. निजाम गेला, घोडे गेले, कुरण गावाच्या गुरांना मोकळं झालं. वैशाखात सगळा मुलूख तापून पिवळा पडायचा, पण ह्या कुरणातलं गवत बुडाशी हिरवं असायचं. का असायचं, हा सरांचा प्रश्न. त्यांचं म्हणणं असं की वरून कोरड्या दिसणाऱ्या मातीखाली, फार खोल नाही असं पाणी असणार आणि गवताची मुळं त्याला पोचलेली असणार. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. पाणी आहे म्हणून गवत आहे, की गवत आहे म्हणून पाणी टिकलंय? हे ठरवायचं तर कुरणात जागोजागी नळ्या पुरून खालचं पाणी वर्षभर मोजत राहायला हवं होतं. म्हणजे मी राहायला हवं होतं.

कामाचं मुख्य हत्यार गिरमिट. सुताराचं असतं तसंच, पण पुरुषभर उंच, वर आडवा दांडा. मी आणि गावातला एक मजूर, दोघांनी दांड्याला धरून घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. वीतभर खाली गेलं की वर ओढायचं, पात्यातली माती काढायची, पुन्हा घालायचं. काळ्या मातीत हे काम ज्यानं केलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. वरची माती दगडासारखी, आणि खाली ओल लागली की तीच माती पात्याला अशी चिकटते की विळ्यानं खरवडावी लागते. भोकाच्या कडा तर सारवलेल्या भिंतीसारख्या गुळगुळीत व्हायच्या. ते बघून मला बरं वाटायचं. वाटायचं, काय सुबक काम झालंय! त्या सारवणाखाली काय दडतं हे ना मला ठाऊक होतं ना सरांना. त्यांनी हा सगळा प्रकार परदेशातल्या कुठल्याशा निबंधात वाचला होता आणि मी तो त्यांच्या तोंडून ऐकला होता.

भोक पुरेसं खोल गेलं की त्यात लोखंडी नळी उभी करायची. नळीच्या खालच्या भागाला करवतीनं बारीक चिरा पाडलेल्या, तळाला लाकडी बूच. चिरांमधून पाणी आत यावं आणि बाहेर जमिनीत जेवढं उंच आहे तेवढंच नळीत उभं राहावं, अशी ती योजना. भोवती नदीची भरड वाळू ओतायची, वरच्या अंगाला चिकणमाती ठासायची म्हणजे पावसाचं पाणी कडेनं उतरणार नाही. हातभर नळी जमिनीवर ठेवून तिला टोपण घालायचं. झाली विहीर! जिच्यातून चिमणीलासुद्धा पाणी पिता येणार नाही अशी विहीर. मोजायला पोलादी फीत. तिच्या टोकाला खडू फासायचा, फीत आत सोडायची, वर घ्यायची आणि खडू कुठवर भिजला ते बघायचं. खडू वडिलांच्या शाळेतला. त्या शाळेचा तेवढाच उपयोग करून घ्यायचा असं मी ठरवलं होतं.

पहिल्या नळीला पहिली धडक दिली ती एका म्हशीनं. आदल्या संध्याकाळी पुरलेली नळी. सकाळी येऊन बघतो तर म्हैस तिला मान घासत डोळे मिटून उभी, आणि नळी तिरकी होत चाललेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडत धावलो. म्हशीनं डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. बाभळीच्या सावलीतून बाईचा आवाज आला.

"अवं नळीवाले, तिला का शिव्या द्यायलाव? तिच्या दारात खुंटा तुमी रोवला. खाज सुटली, घासली तिनं मान."

ही गावाची गुराखीण. नवरा गावाची गुरं वळायचा. तो गेल्यावर त्याची काठी आणि त्याचं मुंडासं दोन्ही हिनं उचललं होतं. चाळिशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, लुगड्याचा काष्टा गच्च मारलेला, आणि जीभ विळ्यासारखी. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, मीही म्हणू लागलो. घरटी सुगीत ज्वारी आणि रोजची एक भाकरी, एवढी तिची मिळकत. शेत नाही, बैल नाही, पोटी मूल नाही. सकाळी गावातनं गुरं गोळा करून कुरणात आणायची आणि दिवस मावळायच्या आत ज्याची त्याच्या दारात पोचवायची. कुरण होतं म्हणून गावात गुरं होती, आणि गुरं होती म्हणून आक्काची चूल पेटत होती.

म्हशीवरून आमचं भांडण झालं ते झालं, पण दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक नळीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मी न सांगता तिनं केलं होतं. वर म्हणाली, "आता ज्याला खाज सुटंल त्यानं दुसरीकडं जावं." तेव्हापासून नळीवाले हेच माझं नाव पडलं. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत मी स्वतःच्या हातानं रांधायचो. एकदा माझी भाकरी तिनं हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि गाईपुढं धरली. गाईनं हुंगून तोंड फिरवलं. आक्का पोट धरधरून हसली आणि मग आपल्या फडक्यातली चांगली भाकरी माझ्याकडं सरकवली. मला तिचा राग यायचा आणि ती दिसली नाही तर करमायचं नाही.

सगळ्या नळ्या पुरून झाल्या आणि माझे हाल सुरू झाले. रोज सकाळी फीत सोडायची आणि कोरडा खडू वर यायचा. एखाद्या नळीच्या तळाला बोटभर काळा चिखल लागे, बस्स. मला पाणी हवं होतं. मी उतावळा माणूस. मला ते लगेच हवं होतं. दिवसभर मी कुरणात येरझाऱ्या घालायचो. काही कारण नसताना तेरपर्यंत चालत जायचो, तिथं पुडीभर फुटाणे घेऊन तसाच परत यायचो. झोप लागायची नाही, जेवण जायचं नाही. दुपारी पुन्हा एकदा फीत सोडून बघायचो, जणू सकाळपासून आत काही उगवलं असेल.

अशात एक दिवस गिरदावर आले. महसुलाचा हा अंमलदार, निजामाच्या वेळेपासून लोक त्याला गिरदावरच म्हणत. गृहस्थ वाईट नव्हते. पायजमा-शेरवानी, हातात छत्री, बोलणं अदबीचं. चावडीपुढं गाव जमलं आणि त्यांनी सांगितलं की कुरणाची जमीन लागवडीसाठी वाटायचा विचार आहे. नुसत्या गवतावर एवढी जमीन पडून राहणं सरकारला परवडत नाही. मात्र जमीन बागायताच्या लायक असेल तरच. खडकाळ कोरडी जमीन फोडून उपयोग नाही, ती गुरांनाच राहू द्यावी. मग ते माझ्याकडं वळले.

"आपण पाणी मोजता ना? किती हातांवर आहे?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. पुढं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ह्या जमिनीसाठी दरखास्ती आधीच देऊन ठेवल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी खरं ते सांगितलं. अजून पाणी लागलेलं नाही, नळ्या कोरड्या आहेत. पुढच्या रांगेतले चेहरे उतरले. मागं लिंबाखाली काठी टेकून आक्का उभी होती. तिनं मुंडाशाचा शेव काढून तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी नळीपाशी हजर. गुरं पांगली की काटे बाजूला करून उकिडवी बसायची आणि मी फीत वर घेतली की माझ्याआधी खडूकडं बघायची.

"कोरडं?"

"कोरडं."

"देव पावला," असं म्हणून ती नळीला हात जोडायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"आक्का, माझी नोकरी जाईल अशानं."

"जाऊ द्या की. तुमाला शाळंत दुसरी हाय म्हनं. मला कुठली हाय?"

मी म्हणालो, "जमीन वाटली तर तुम्हीही मागा. भूमिहीनांना देतात."

"मागते. आन् नांगराला काय तुमाला जुंपू? बिगीबिगी चालताव म्हना तुमी."

ती चेष्टा करायची, पण डोळे फितीवरून हलायचे नाहीत. दोघं एकाच नळीत डोकावायचो आणि उलट्या गोष्टी मागायचो. मला त्या दिवसांची आठवण आली की अजून बसल्या जागी चुळबुळ होते. ह्या बाईच्या भाकरीवर माझं निम्मं पोट भरत होतं, आणि जिच्यानं तिचं वाटोळं होईल तीच गोष्ट मी रोज सकाळी मनापासून मागत होतो. रात्री ठरवायचो की जाऊ दे, कोरड्याच राहू देत नळ्या. सकाळी फीत हातात घेतली की पुन्हा पाणीच मागायचो.

होळी झाल्यावर सर जीप घेऊन आले. दिवसभर माझ्याबरोबर नळ्या बघत फिरले. शेवटी बांधावर बसून चष्मा पुसत म्हणाले, "माझा अंदाजच चुकला म्हणायचा. हे गवत नुसत्या दवावर जगतंय की काय कोण जाणे." पाडव्यानंतर ते पुन्हा येणार होते. गिरदावरही त्याच दिवशी येणार होते, त्यांना शेवटचं काय ते कळवायचं होतं. तेव्हाही नळ्या कोरड्या निघाल्या तर त्या उपटायच्या आणि काम बंद. सर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका." मला वाईट वाटलं नाही, मला शाळेची घंटा ऐकू आली.

हे बोलणं आक्का सगळं ऐकत होती. जीप गेल्यावर तिनं विचारलं, "त्या तळाला जी थोडी ओल हाय, ती मोजत्यात का?"

"मोजतात. पण तेवढ्यानं काय होतंय."

"न्हाय, इचारलं आपलं."

पाडव्याला मी तुळजापूरला गेलो. घरात गुढी उभारली, पुरणाचं जेवण झालं. वडिलांनी शाळेचा विषय काढला नाही, पण माझ्यासाठी कोट शिवायला टाकलाय हे आईनं सांगितलं. मी दोन दिवस घरभर फिरत राहिलो. शेवटी आई म्हणाली, "जा बाबा एकदाचा तुझ्या त्या नळ्यांकडं, माझं डोकं गरगरायला लागलं." धाराशिवला बस बदलून तेरला उतरलो आणि तिथून चालत कुरणात पोचलो तर सरांची जीप येऊन उभी होती. गिरदावर बाभळीखाली छत्री उघडून बसले होते. दरखास्तवाले चार-सहा जण बाजूला. आक्का गुरांच्या पुढं काठीवर हनुवटी टेकून उभी. मला बघून हसली. फार दिवसांनी ती अशी मोकळी हसली होती.

पहिल्या नळीपाशी गेलो तर भोवतालची जमीन वेगळीच दिसली. काटे नीट लावलेले होते, पण मातीवर काळ्या-राखाडी चिखलाचे वाळलेले ओघळ होते. कुणी काय सांडलं कळेना. टोपण काढलं, खडू फासला, फीत सोडली.

फीत वर आली ती भिजून. टोक नाही, हातभर, त्याहून जास्त. खडू धुवून निघाला होता. मला वाटलं फीत आधीच ओली असणार. ती धोतराला पुसली, पुन्हा खडू लावला, पुन्हा सोडली. तेवढंच. पाणी जमिनीखाली माझ्या कमरेएवढ्या खोलीहून फार खाली नव्हतं. मी ओरडलो, "सर!" आणि दुसऱ्या नळीकडं पळत सुटलो. तिच्यातही. तिसरीतही. सर माझ्या मागं धापा टाकत येत होते. मला आनंद झाला होता. नंतर काय वाटलं ते वाटलं, पण त्या घटकेला मला इतका आनंद झाला की मी खरोखर उड्या मारल्या.

आक्का चालत आली. तिचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, ते काढायचं तिला सुचलं नव्हतं.

"कोरडं ना?" तिनं विचारलं.

मी फीत तिच्यापुढं धरली. आणखी काय करणार? तिनं फितीला बोट लावलं, बोट बघितलं.

"असं कसं? म्या सगळं काढलं की."

मग सगळं बाहेर आलं. सरांनी शांतपणे विचारलं, तिनं शांतपणे सांगितलं. लपवण्यासारखं आपण काही केलं असं तिला वाटतच नव्हतं. तळाची थोडी ओल तिला सलत होती. नळीत मूठभर माती टाकली असती तर काम झालं असतं. दुसऱ्या कुणी तेच केलं असतं. पण पाण्याच्या तोंडात माती घालायची? पाण्यात आसरा असतात, पाण्याच्या देवता. आड असो, नदी असो की ही मनगटाएवढी नळी, पाणी म्हटलं की आसरा आल्याच. त्यांच्या डोक्यावर माती टाकणाऱ्याचं भलं होत नाही. मात्र पाणी उपसून घेण्यात पाप नाही, ते तर त्यासाठीच असतं. गावचा आड उन्हाळ्यात एकदा उपसला की दोन दिवस तळ दिसतो, हे तिनं जन्मभर बघितलं होतं. ह्या तर नळ्या. म्हणून मी तुळजापूरला असताना, दुपारी गुरं सावलीला बसली की, तिनं एका कळकाच्या काठीला जुन्या लुगड्याची चिंधी गच्च गुंडाळली आणि प्रत्येक नळीत ती खालवर, खालवर करत ओल टिपली. वर काढायची, पिळायची, पुन्हा घालायची.

"आधी काळं काळं आलं, डांबरावानी. मग गढूळ. मग निवळ यायला लागलं. येतच व्हतं, येतच व्हतं. म्या बी सोडलं न्हाय. हात भरून आलं माजं. शेवटाला चिंधी कोरडी आली तवा टोपण घातलं."

सरांचा चेहरा उजळत गेला. ते माझ्याकडं वळले. "अहो, चिरा बुजल्या होत्या! गिरमिटानं भोकाच्या कडा लिंपून टाकल्या, पाणी बाहेर होतं आणि आपण आत बघत बसलो. ह्या बाईंनी खालवर करून सगळा चिखल ओढून काढला. नळ्या आता चालू झाल्या." आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं. मनानं फार चांगला माणूस तो, पण त्या क्षणी त्यांना नळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. ते आक्काला म्हणाले, "बाई, आमचं अडलेलं काम तुम्ही केलंत. तुमचे उपकार झाले."

तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हंजी म्या हात लावला नसता तर?"

मी फीत गुंडाळायला लागलो.

"सांगा की नळीवाले. म्या हात लावला नसता तर कोरडंच ऱ्हायलं असतं?"

"हो, आक्का."

मागं दरखास्तवाले उठून कपडे झटकत होते. एकानं गिरदावरांची छत्री धरली. सरांना पाण्याचा नमुना हवा होता, म्हणून मी बारीक बाटली दोरीनं नळीत सोडून भरून काढली. आक्कानं हात पुढं केला तेव्हा मला वाटलं ती बाटली फेकून देणार, आणि दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं ती कलती करून ओंजळीत थोडं पाणी घेतलं. नवीन पाणी लागलं की तिकडं कुणीही घेतं तसं. कपाळाला लावलं, मग प्याली. जरा वेळ तोंडात घोळवलं.

"गोड हाय," ती म्हणाली, आणि तिथंच काट्यांजवळ खाली बसली.

पावसाळ्यापर्यंतची मोजणी बघून सरांनी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. खाली थोडक्यावर पाणी आहे, आणि ते गवतामुळं टिकलेलं आहे. गवत मोडलं तर पाणीही फार दिवस राहणार नाही. ह्यातली पहिली गोष्ट सगळ्यांना ताबडतोब पटली. दुसरीसाठी कुणाला सवड नव्हती. पुढचा पावसाळा संपेपर्यंत कुरणात खुणेचे दगड रोवले गेले होते आणि दिवाळीनंतर नांगर लागले. आक्काच्या तोंडची भाकरी घराघरानं कमी होत गेली. म्हशी विकल्या जायला लागल्या. एक दिवस ती काठी देवळाच्या भिंतीला टेकवून बेंबळीला बहिणीकडं निघून गेली. मी त्या दिवशी नळ्या मोजत होतो. मला निरोप द्यायला ती आली नाही, आणि मीही तिला गाठायला गेलो नाही, कारण काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं.

माझी नोकरी मात्र वाचली. सरांना आणखी पैसे मिळाले आणि मी तिथंच राहिलो. शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला गेली, कोट तसाच पेटीत पडला. नांगरांनी काही नळ्या मोडल्या, बांधाकडेच्या राहिल्या. विहिरी खणल्या गेल्या, तेलाची इंजिनं धडधडायला लागली. पहिल्या वर्षी कांदा असा आला की लोक सरांचं नाव काढायचे. आणि माझ्या फितीवरचा ओला खडू दर महिन्याला थोडा थोडा आखडत गेला. एका उन्हाळ्यात तो कोरडा आला. मी तीच चिंधीची युक्ती केली, खूप वेळ खालवर केलं, हात भरून आले. चिंधीला काही लागलं नाही. ह्या वेळी चिरा मोकळ्या होत्या.

त्यानंतर कधीतरी धाराशिवच्या बसस्टँडवर आक्का दिसली. डोक्यावर मुंडासं नव्हतं, पदर होता, म्हणून आधी ओळखलं नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. तिनंच हाक मारली.

"नळीवाले! आजून तितंच हाव का?"

"तिथंच आहे, आक्का."

"मग? हाय का पानी?"

"नाही. नळ्या कोरड्या पडल्या. सगळ्या."

ती हसेल असं मला वाटलं, किंवा चार शब्द सुनावेल. मी तयार होतो. खरं तर मला ते हवंच होतं. इतक्या दिवसांची माझी तगमग त्यानं तरी थांबली असती. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"नदीला बी न्हाय?"

"डोहात आहे थोडं."

"मग गुरं पान्याला तितं न्हेत्यात?"

गावात आता नांगराचे बैल तेवढे उरले होते. हे मला तिला सांगवलं नाही.

"हो, डोहावरच नेतात," मी म्हणालो.

तिची बस लागली. गाठोडं काखेत मारून ती धक्काबुक्कीतून पायरीवर चढली आणि तिथूनच मागं वळून ओरडली, "डोहाची कड लई निसरडी हाय. आता वळतंय त्याला सांगा, म्हशी हळू उतरव म्हनावं."

सांगतो, म्हणालो.